पट्टीआडचे साक्षीदार

१

लोहाऱ्याच्या धर्मशाळेत गंगम्माचा जीव घेतला गेला, तेव्हा त्याच दालनात बारा माणसं जागी होती आणि बाराच्या बारा जणांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. असले साक्षीदार पोलिसातल्या कुठल्याही अमिनाच्या नशिबी येऊ नयेत.

साल एकोणीसशे त्रेचाळीस, पौषातली थंडी, लढाईचं चौथं वर्ष. सोलापूरचे डॉक्टर आण्णासाहेब निजामाच्या हद्दीत येऊन महिनाभर डोळ्यांची ऑपरेशनं करायला बसले होते. तोवर या भागात मोतीबिंदू झाला की माणूस गुंडाप्पाला गाठायचा. गुंडाप्पा सुई घालून मोती डोळ्यातच खाली ढकलायचा. चार दिवस लख्ख दिसायचं, गुंडाप्पा जेवूनखाऊन पुढच्या गावाला निघून जायचा, आणि मग डोळा सुजून कायमचा जायचा. आण्णासाहेब मोती बाहेर काढून टाकत. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक होता, पण त्यासाठी रोग्याला नंतर सात दिवस निपचित पडावं लागे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या आणि वर डॉक्टरांचा दम. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. चीर ताजी आहे, जोर केलात तर आतलं सगळं बाहेर येईल आणि डोळा गेला तो गेला.

उत्तरेश्वर जमादारांनी हा दम देवाच्या आज्ञेसारखा पाळला. निजामाच्या पोलिसात तीस वर्षं काढलेला माणूस. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि गेली तीन वर्षं दोन्ही डोळ्यांपुढे नुसतं धुकं. ज्या गावात रुबाबात हिंडले, तिथंच लोकांच्या दारात भाकरीसाठी बसायची वेळ आली होती. हा एक डोळा आला की आपली भाकरी आपण थापायची, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि त्यासाठी ते सहा दिवस लाकडासारखे पडून होते.

दालनाच्या मधोमध कनात लावलेली. अलीकडे बाप्ये, पलीकडे बाया. जमादारांची खाट कनातीला लागून. तिच्या पलीकडे हरणाबाई नावाची धनगराची म्हातारी. तिचा मुलगा बब्रुवान तिच्या सेवेला राहिला होता. एखादी सून करणार नाही इतक्या मायेनं तो आईचं सगळं करी. आपण पाण्याला गेलो तर आईनं हाक तरी कशी मारावी, म्हणून त्यानं मेंढ्याच्या गळ्यातली घंटी तिच्या खाटेला अडकवून ठेवली होती. जमादारांना कुणी नाही हे कळल्यावर तो त्यांनाही पेज भरवू लागला. मामा म्हणायचा. जमादारांनी त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या खरखरीत हाताची त्यांना सवय झाली होती.

आदल्या दिवशी दिवेलागणीला गंगम्माची खाट दाराजवळून उचलून हरणाबाईच्या आणि कनातीच्या मध्ये आणून ठेवली होती. दारात वारं लागत होतं म्हणून. गंगम्मा लिंगायत व्यापाऱ्याची विधवा, सत्तरीच्या घरातली. आता तिच्यात आणि जमादारांच्यात फक्त कापड होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रोजच्यासारखी घंटी वाजत आली आणि गेली. दिवस वर आल्यावर गंगम्मा बडबडू लागली. घसा सुकला म्हणायची, हवेत हात फिरवायची, पट्टी ओढायची. डोळे बांधलेली म्हातारी माणसं कधीकधी अशी भ्रमात जातात, म्हणून आण्णासाहेब आधी घाबरले नाहीत. दुपारपर्यंत ती गेली.

डॉक्टरांनी तिच्या पट्ट्या सोडल्या आणि दोन्ही डोळे दिवा धरून दोनदा तपासले. मग कंपाउंडर मल्लिनाथला म्हणाले, अमीनसाहेबांना बोलाव. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यात बाहुली मोठी करणारे थेंब रोज पडत होते. उजवा पुढच्या सालावर ठेवलेला, त्यात एक थेंबही टाकलेला नव्हता. तरी उजव्याची बाहुली डाव्याइतकीच पसरली होती.

"हे पोटातून आलंय," आण्णासाहेब म्हणाले. "हिला कुणीतरी धोतरा पाजलाय."

२

अमीनसाहेब तरणाबांड गडी, हैदराबादेहून नवीनच आलेला. त्यानं एकेका खाटेपाशी जाऊन विचारलं आणि बारा तोंडांतून एकच उत्तर निघालं. पहाटे गुरुलिंग स्वामी आले होते.

गुरुलिंग स्वामी शेजारच्या मठातले जंगम, लिंगायतांचे गुरू. उजव्या पायाला गुडघ्याखाली घंटी बांधून भल्या पहाटे यायचे, लिंगायत रोग्यांच्या उशाशी बसायचे, ते गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करेपर्यंत थांबायचे, मग तीर्थ आणि वाटीभर गुळाचं दूध द्यायचे. गंगम्माच्या खाटेखाली वाटी सापडलीच. तळाला दाणेदार काळपट गाळ होता.

दिवस कलताना स्वामी परगावाहून आले, तसे शिपायांनी त्यांना मठाच्या पायरीवरच धरलं. एका गावात मयत झाली होती, समाधी द्यायला मी पहाटेच्या आधीच निघालो, असं ते सांगत राहिले. निघताना त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं. चावडीत त्यांना बडवलं त्याचा आवाज धर्मशाळेपर्यंत आला. अमिनानं दुसरा हुकूमही दिला. परवा उरलेल्या पट्ट्या सोडा आणि लगेच दवाखाना बंद. बाहेर अंगणात तीस-चाळीस आंधळे आपल्या पाळीची वाट बघत बसले होते, त्यांना घरी जायला सांगितलं.

जमादारांपाशी येऊन अमीन जरा मवाळ झाला. "क्या जमादार, तुम भी सुने ना घंटी?"

"सुना," जमादार म्हणाले.

गंगम्माला ते नव्यानं ओळखत नव्हते. आठ वर्षांमागे तामलवाडीच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याची, रेवणप्पाची, गाडी अडवून कुणीतरी त्याला कुऱ्हाडीनं मारलं होतं. मारणाऱ्यानं तोंडातून शब्द काढला नाही, पण कंदील गंगम्माच्या हातात होता आणि त्याचं तोंड तिनं वीतभर अंतरावरून पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांत तेव्हाच सायीसारखं उतरायला लागलेलं. तपास जमादारांकडे होता. साहेबांनी सांगितलं, आंधळ्या बाईची साक्ष काय घेता, आणि जमादारांनी तसंच लिहून कागद मिटला.

या पाच दिवसांत गंगम्मानं ती गोष्ट दालनाला दहादा ऐकवली होती. आदल्या संध्याकाळी खाट हलवल्यावर कनातीआडून जमादारांना म्हणाली, "जमादार, तुमी लिवलंत मला दिसत न्हाय म्हनून. आता दिसंल. त्यो मानूस ह्याच मुलखात असंल. म्या त्याला हजारात वळखीन."

ते शब्द जमादारांच्या मनातून हलेनात. कारण एक गोष्ट त्यांनी अमिनाला सांगितली नव्हती. पाच दिवस डोळे बांधून पडलेला माणूस दुसरं काय करणार, तो आवाज मोजतो. स्वामींची घंटी एका पायाला, म्हणून ती एक पाऊल सोडून वाजायची. आज पहाटेची घंटी प्रत्येक पावलाला वाजली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांनी पडल्या पडल्या चौकशी सुरू केली. हळू आवाजात, ओठ फारसे न हलवता. ज्याला बोलवावं तो येऊन कानाशी वाकायचा.

पहिला आला मल्लिनाथ. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण डोळ्यांत टाकायचं औषधही धोतऱ्याच्याच गुणाचं, आणि कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. अमीन त्याच्याकडे संशयानं बघत होता. औषधाच्या बाटलीवरची खूण डॉक्टरांनी स्वतः तपासली होती, थेंबभरही कमी नव्हतं, तरी अमिनाचं समाधान झालं नव्हतं. जमादारांनी त्याला विचारलं, तू लिंगायत ना, मग एक सांग, पूजेआधी कुणी दूध दिलं तर?

मल्लिनाथला प्रश्नच कळेना. पूजेआधी कोण कशाला देईल, म्हणाला. आमच्यात लिंगपूजा झाल्याबिगर पाण्याचा थेंब घेत नाहीत, लहान लेकरालाही ठाऊक असतं.

जमादारांनी ते मनात नीट ठेवलं. पहाटे त्या घंटीवाल्यानं आल्या आल्या वाटी गंगम्माच्या हाताला लावली होती. स्वामी रोज मोठ्यानं शिवाचं नाव घेत, तो मुका होता. गंगम्मा म्हणाली होती, "पूजा व्हायची हाय, स्वामी. ठिवा तितं." वाटी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला, घंटी परत गेली. स्वामी कधी पूजेआधी निघून जात नसत. दालनात आणखी दोन लिंगायत म्हाताऱ्या होत्या, त्यांच्याकडे ती घंटी वळलीही नव्हती.

खाट कुणी हलवली, हे त्यांनी विचारलं. मल्लिनाथ म्हणाला, मी एक बाजू धरली आणि बब्रुवाननं दुसरी. तेव्हा दालनात दुसरं कुणी धडधाकट नव्हतं. आणि आपण रात्रभर तिथंच दाराशी झोपलो होतो, घंटीनं जाग आली पण स्वामी आहेत म्हणून डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मग अमिनानं गुंडाप्पाला दंड धरून आणलं. मोती ढकलणारा गुंडाप्पा महिनाभर मठाच्या ओसरीवर मुक्काम ठोकून डॉक्टरांना शिव्या घालत होता. धोतरा त्याच्या झोळीत बारमाही. अमिनाला तो आवडला नसता तरच नवल.

"म्या लोकांचं डोळं घालवलं आसंल, जीव कुनाचा घेतला न्हाय," गुंडाप्पा पडेल आवाजात म्हणाला. "आन् मला तर ह्या उंबऱ्याच्या आत डॉक्टर येऊ देत न्हाय. म्हातारी कुटं निजती, मला काय ठाव?"

जमादारांनी त्याला फक्त एवढंच विचारलं की स्वामी परगावी जाणार हे कुणाकुणाला माहीत होतं. गुंडाप्पानं आठवून सांगितलं. संध्याकाळी मयताचा सांगावा घेऊन माणूस आला, त्यानं मठाच्या विहिरीपाशीच ओरडून सांगितलं. ओसरीवर मी होतो. विहिरीवर पाणी शेंदत तो धनगराचा पोरगा होता. आणखी कुणी नाही.

गुंडाप्पाला नेलं. मनात जे जुळत होतं ते जुळू नये असं त्यांना वाटत होतं.

४

दुपार टळली. बब्रुवान घागरी घेऊन विहिरीवर गेल्याचं पावलांवरून कळलं. मधली खाट आता रिकामी होती, त्यामुळे हरणाबाईचा आवाज थेट येत होता. ती आज खुशीत होती. शेजारीण गेली याचं वाईट होतंच, पण उद्या पट्टी सुटणार होती.

जमादारांनी कनातीआडून हळूच हाक घातली. म्हणाले, बाई, तुमची ती घंटी जरा वाजवून दाखवा बरं.

हरणाबाईनं वाजवली. पितळी, जरा बसक्या आवाजाची. काल पहाटेचा आवाज असाच होता.

"काल पहाटं वाजवली हुती का?"

"कुटली वाजवतीय," हरणाबाई म्हणाली. "मला तहान लागली हुती, म्हनून बब्रुवानला बोलवायला चाचपली, तर घंटी जागंवर न्हवती. म्हनलं पडली आसंल. उजाडल्यावर परत चाचपलं तर हाय आपली जितल्या तितं."

तिच्या आवाजात काडीचाही संशय नव्हता. उलट तिनं सांगायला सुरुवात केली की सात वर्षं झाली पोराचं तोंड दिसलेलं नाही. नजर गेली तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं होतं, आता मिशा कशा असतील कोण जाणे. पट्टी सुटली की पहिल्यांदा त्यालाच बघायचं, डॉक्टरांना तसं सांगून ठेवलंय, आणि त्यालाही सांगितलंय की उद्या सकाळी खाटेसमोरून हलायचं नाही.

खाटेसमोरून. आणि शेजारच्या खाटेवर, त्याच सकाळी, गंगम्माची पट्टी सुटणार होती.

जमादारांना वाटलं, झोपेचं सोंग घ्यावं. वाटलं, उद्या आपलीही पट्टी सुटणार, मग काय ते सांगू. चावडीत कुणीतरी कण्हत होतं. इतक्यात घागर टेकल्याचा आवाज झाला, ओळखीची पावलं कनातीला वळसा घालून आली आणि ओठांना पेजेचा चमचा लागला.

"मामा, आ करा," बब्रुवान म्हणाला.

५

जमादारांनी तोंड उघडलं नाही.

"ह्यात काय हाय, बब्रुवान?"

चमचा तसाच राहिला. मग बब्रुवान खाली बसला, आणि त्यानं वाटीतली पेज स्वतः पिऊन दाखवली. घोट घेतल्याचा आवाज जमादारांनी ऐकला.

"तुमच्यात काय न्हाय, मामा. तुमी माझं काय वाईट केलंय?"

जमादार कुजबुजत बोलू लागले. घंटी पायाला नव्हती रे, हातात होती, म्हणून प्रत्येक पावलाला हलली. डोळस माणसाला वाटतं, आंधळ्यांना नुसती घंटी ऐकू येते. स्वामी नाहीत हे विहिरीवर तू ऐकलंस आणि गुंडाप्पानं. म्हातारीची खाट कुठं गेली हे ठाऊक होतं तुला आणि मल्लिनाथला. मल्लिनाथनं पूजेआधी वाटी कधी पुढं केली नसती. दोन्ही जागी तू एकटाच उरतोस. वरून तुझ्या आईची घंटी पहाटे जागेवर नव्हती.

"आई म्हनली?" बब्रुवाननं विचारलं.

"तिला ठाव न्हाय ती काय बोलली ते."

मग बब्रुवाननं सगळं सांगितलं, त्याच हलक्या आवाजात. त्या सालात घरात दाणा नव्हता. गाडीवरची शाळूची पोती उतरवायला तो गेला होता, मारायला नव्हे. रेवणप्पा अंगावर आला. आठ वर्षं रेवणप्पाचं तोंड त्याच्या झोपेत येत होतं. इथं आल्यावर दालनातली ती म्हातारी कोण आहे हे तिच्याच तोंडून ऐकलं. पळून जावं तर आईला कोण बघणार, आणि थांबावं तर आईसमोर गंगम्मा बोट दाखवणार. धोतरा तर माळावर हवा तेवढा उगवत होता.

"फकस्त उद्याची सकाळ द्या, मामा," तो म्हणाला. त्याचा खरखरीत हात जमादारांच्या हातावर होता. "आईला एकदा माझं तोंड बघू द्या. मग माझ्या पायानं चावडीवर जातू. तुमच्या गळ्याची आन."

तो खोटं बोलत नाही, हे जमादारांना कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना रडू येत होतं. रडायचीही बंदी होती. एक रात्र. चावडीतला म्हातारा स्वामी एक रात्र काढील की नाही? काल पहाटेसुद्धा त्यांनी असाच हिशेब केला होता. घंटी चुकीची आहे हे चौथ्या पावलाला त्यांना उमगलं होतं. वाटी फरशीवर टेकली, गंगम्मा पडल्या पडल्या पूजेला लागली. चांगला दहा मिनिटांचा वेळ होता. कनातीतून हात घातला असता तरी वाटी कलंडली असती. पण हलायचं नाही, बोलायचं नाही, डोळा जाईल. स्वामींनी आज दोन्ही पायांना घंट्या बांधल्या असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि पलीकडे दूध प्यायल्याचा आवाज ऐकला. आठ वर्षांमागे गंगम्माला त्यांनी कागदावर आंधळी केलं होतं, आणि काल तिला मरू दिलं. दोन्ही वेळा गप्प बसून.

त्यांनी बब्रुवानचा हात घट्ट धरला.

"अमीनसाहेब!" तीस वर्षं गस्तीवर कमावलेल्या आवाजात जमादार ओरडले. पुन्हा ओरडले. अंगणात अजून रेंगाळलेले आंधळे उठून उभे राहिले, शिपाई धावले. पट्टीच्या आत काहीतरी कोमट ओघळत गालावर आलं.

बब्रुवाननं हात सोडवून घेतला नाही. सोडवला असता तर सहज सुटला असता.

६

त्याच संध्याकाळी बब्रुवानला धाराशिवच्या तुरुंगात रवाना केलं आणि स्वामींना खाटेवर घालून मठात नेलं. अमिनानं दवाखाना बंद करायचा हुकूम मागे घेतला. अंगणातले लोक परत आले.

सकाळी आण्णासाहेबांनी जमादारांची पट्टी सोडली. त्यांनी बोटं नाचवून दाखवली, दिवा जवळ आणला, मग दिवा ठेवून दिला. उजवा अजून शिल्लक आहे, पुढच्या साली बघू, म्हणाले. जमादारांनी मान हलवली. आता मान हलवायला कुणाची बंदी नव्हती.

कनात काढून टाकली होती. हरणाबाईच्या डोळ्यापुढे डॉक्टरांनी जाड भिंग धरलं तेव्हा ती तीन बोटं म्हणाली, मग खिडकी म्हणाली, मग आपले हात उलटसुलट करून बघत राहिली. काल जे झालं ते तिनं दोन-चार हातांच्या अंतरावरून ऐकलं होतं. रात्रभर ती रडली नव्हती, कारण रडलं तर डोळा जातो असं पोरानंच तिला बजावून ठेवलं होतं.

भिंग हातात घेऊन ती भिंतीच्या आधारानं जमादारांच्या खाटेपाशी आली.

"जमादार, तुमी त्याच्या हातनं आठवडाभर जेवलात," ती म्हणाली. "दिसायला कसा हुता ओ?"

जमादारांनी तो चेहरा कधी पाहिलाच नव्हता. जिनं जन्म दिला तिला सात वर्षांत दिसला नव्हता. एकदा जवळून पाहून जिनं तो आठ वर्षं मनात जपून ठेवला, तिची खाट या दोघांच्या मध्ये रिकामी होती.

"म्या न्हाय बगितला," ते म्हणाले. "धाराशिवला महिनाभरानं पेशी लागंल, त्याच्या आत भेटू देत्यात. म्या सांगितलं तर अमीन चिठ्ठी देईल. तुमी चला. वाट तुमी बगा, बोलायचं काम माझं."

हरणाबाईनं खाटेखालची काठी उचलून जमादारांच्या हातात दिली आणि दुसरं टोक आपण धरलं.